वाट मोकळी, प्रवाह मात्र नाही

आजचा धागा हृदयोपचारांच्या इतिहासातील एका विचित्र कोड्याविषयी. तुंबलेली रोहिणी फुग्याने उघडली, स्टेंट बसवला, पडद्यावर वाट स्वच्छ दिसते. तरीही रक्त पुढे सरकत नाही. वैद्यकात यास ‘नो-रिफ्लो’ म्हणतात.

कोडे स्टेंटहून जुने आहे. १९७४ साली क्लोनर, गानोट व जेनिंग्ज या अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयाची रोहिणी बांधून ठेवली. ४० मिनिटांनी सोडली, तेव्हा रक्त सर्वत्र परतले. ९० मिनिटांनी सोडली, तेव्हा हृदयभिंतीच्या आतल्या थरांत चमकणारा रंग शिरलाच नाही! सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्यांचे अस्तर सुजलेले आढळले. त्या काळी माणसाची हृदयरोहिणी फुग्याने उघडण्याची सोयच नव्हती. ग्रुंट्झिगने झुरिचमध्ये ती करून दाखवली १९७७ साली. स्टेंट आले १९८६ मध्ये, पुएल आणि सिग्वार्ट यांच्या हातून. मग प्रयोगशाळेतले ते दृश्य रुग्णाच्या टेबलावर दिसू लागले.

उपाय म्हणून हाती आली ती जुनीच औषधे. अ‍ॅडेनोसिनचा हृदयावरील परिणाम ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२९ मध्येच वर्णिला होता. (हेच सेंट-ग्यॉर्गी पुढे ‘क’ जीवनसत्त्वाच्या कार्यासाठी नोबेलचे मानकरी ठरले.) रक्तात ते काही सेकंदांतच नष्ट होते, म्हणून बारीक नळीने थेट रोहिणीत सोडतात. जोडीला व्हेरापामिल, सोडियम नायट्रोप्रुसाइड, आणि जपानमधून आलेले निकोरँडिल. या साऱ्यांचे काम सूक्ष्म रोहिण्या सैल करण्याचे. नेहमीचे नायट्रोग्लिसरीन मोठ्या वाहिन्यांवर उत्तम चालते, सूक्ष्म वाहिन्यांवर फारसे नाही.

पडद्यावर प्रवाह सुधारलेला पुष्कळदा दिसे. पण रुग्ण अधिक जगत होते काय? खरा प्रश्न हा होता. २००५ च्या ‘अमिस्टॅड-२’ चाचणीत शिरेवाटे दिलेल्या अ‍ॅडेनोसिनच्या मोठ्या मात्रेने मृत स्नायूचा भाग घटला. मृत्यू आणि हृदय निकामी होणे यांत मात्र निर्णायक फरक पडला नाही. २०१३ च्या ‘रीओपन-एएमआय’ने आशा जागवली, २०१६ च्या ‘रीफ्लो-स्टेमी’ने ती मावळवली, तिथे अ‍ॅडेनोसिनच्या मोठ्या मात्रेने अपाय होत असल्याचीच शंका आली. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ‘टी-टाइम’ चाचणीत ४४० रुग्णांवर गुठळी विरघळवणारे आल्टेप्लेझ अल्प मात्रेत वापरून पाहिले. त्याचाही लाभ दिसला नाही.

माझ्या मते संशोधकांची गफलत औषधाच्या निवडीत नव्हती. एकाच शत्रूची कल्पना करण्यात होती. फुटलेल्या थराचा गाळ, बारीक गुठळ्या, अडकलेल्या पांढऱ्या पेशी, सुजलेले अस्तर आणि आकुंचन हे सारे एकाच वेळी वाट अडवतात. वाहिनी सैल करणारे औषध यातले आकुंचन तेवढे सोडवते.

तरीही कॅथलॅबमध्ये ही औषधे आजही वापरली जातात. रक्तदाब कोसळू लागलेल्या रुग्णापुढे उभ्या डॉक्टरांना पुढच्या चाचणीची वाट पाहता येत नाही.