पटसंख्या आणि पटांगण

श्रोतेहो, आपल्या शाळेचा संघ तालुक्याच्या गावी खेळायला जातो तेव्हाचा प्रसंग आठवा. साठ-सत्तर मुलांच्या शाळेतून कसाबसा संघ जमवायचा, एकाचे बूट दुसऱ्याने घालायचे, आणि समोर पाहावे तर हजार-बाराशे पटाच्या शाळेचा निवडक संघ उभा! मुले हरून परत येतात. आपण त्यांची समजूत घालतो, "अरे, खेळात हारजीत चालायचीच." पण मनात एक प्रश्न राहतोच. ही हार खेळातली म्हणायची, की पटसंख्येतली?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या टेक्सास नावाच्या राज्याने शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला आणि तो सोडवता सोडवता एक मोठी व्यवस्था उभी केली. ती व्यवस्था कशी घडली, कुठे शहाणपणाची ठरली आणि कुठे अन्यायाची, हे आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी खेळाविषयी दोन शब्द. आपण फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी आडवे पडून अडवायचे. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्डांचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो समोरच्यांना द्यावा लागतो. अंगाला अंग भिडणारा हा खेळ आहे. त्यामुळे दांडगी, भरपूर मुले ज्या शाळेत, तिचे पारडे जड. आणि टेक्सास हे राज्य आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे. एका टोकाला ह्यूस्टन, डॅलससारखी शहरे, तर दुसऱ्या टोकाला ओसाड माळ, गुरांची कुरणे आणि मैलोगणती अंतरावरची वाडीवजा गावे. शुक्रवारी संध्याकाळी गावची दुकाने बंद करून सगळे गाव हायस्कूलच्या मैदानावर जमते. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे. आपल्याकडे यात्रेच्या कुस्त्यांना जमतात ना, तसेच.

आता गंमत बघा. ज्या संस्थेने या खेळाला शिस्त लावली तिचा जन्म मात्र वादविवादातून झाला. 1910 च्या सुमारास टेक्सास विद्यापीठाने राज्यातल्या हायस्कुलांसाठी वक्तृत्व आणि वादविवादाच्या स्पर्धा सुरू केल्या. पुढे खेळांची संघटनाही तिला जोडली गेली आणि 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग' ही संस्था आकाराला आली. आपण तिला नुसते 'लीग' म्हणू. आजही वक्तृत्व, गणित, संगीत आणि फुटबॉल यांच्या शालेय स्पर्धा हीच संस्था भरवते. शिक्षक मंडळींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लीगची पहिली राज्य अजिंक्यपद स्पर्धा 1920 च्या मोसमात झाली. अंतिम सामन्यात ह्यूस्टनचे हाइट्स हायस्कूल आणि क्लीबर्न या गावचे हायस्कूल समोरासमोर आले. निकाल काय? शून्य-शून्य! दोघांनाही विजेते ठरवावे लागले. पहिल्याच वर्षी नियमांची परीक्षा झाली म्हणायची.

पण खरी अडचण वेगळीच होती. शाळा लहानमोठ्या. त्यांना एकाच रांगेत उभे करणे म्हणजे पहाटे उठून दूध घालणाऱ्या पोराला तालमीतल्या पैलवानापुढे सोडण्यासारखे. म्हणून शाळांच्या श्रेणी पाडण्यात आल्या. श्रेणी ठरवायची ती शाळेच्या पटावरून. खेळाडू किती चांगले, मैदान किती मोठे, मागच्या वर्षी किती सामने जिंकले, यांपैकी काही विचारात घ्यायचे नाही. हायस्कुलात मुले-मुली मिळून किती डोकी आहेत, तेवढेच पाहायचे. आपल्याकडे कुस्तीत वजनावरून गट पाडतात. इथे शाळेचेच वजन करायचे, असे समजा.

सुरुवातीला मात्र यातही पंक्तिप्रपंच होताच. राज्याच्या अजिंक्यपदापर्यंत जाण्याची वाट फक्त मोठ्या शाळांना खुली होती. लहान शाळांनी आपल्या भागापुरते जिंकायचे आणि घरी जायचे. 1948 पासून मधल्या शाळांनाही राज्यापर्यंत मजल मारता येऊ लागली. 1951 मध्ये श्रेणींची नवी शिडी बांधली गेली. सर्वांत मोठ्या शाळांची श्रेणी चार ए, मग तीन ए, दोन ए, एक ए, आणि तळाला बी. 1980 मध्ये शिडीला पाच ए आणि 2014 मध्ये सहा ए ही पायरी जोडली गेली. अगदी चिमुकल्या शाळांना राज्य अजिंक्यपदाचा दरवाजा उघडायला मात्र 1972 साल उजाडावे लागले.

या चिमुकल्या शाळांची कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 1930 नंतरची वर्षे अमेरिकेत भयंकर मंदीची आणि दुष्काळाची होती. खेड्यांतल्या शाळांत अकरा मुले जमेनात, साहित्याला पैसा नाही. तेव्हा नेब्रास्का राज्यातल्या स्टीफन एप्लर नावाच्या तरुण शिक्षकाने 1934 मध्ये सहा गड्यांचा फुटबॉल शोधून काढला. मैदान आखूड केले, ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस रुंद. गडी कमी म्हणून पळायला जागा जास्त. म्हणून या खेळात दहाऐवजी पंधरा यार्ड सरकायची अट असते. सहाही गड्यांना चेंडू झेलायची मुभा दिली. पहिला सामना त्याच वर्षी 26 सप्टेंबरला हेब्रन गावी झाला. चार शाळांची मुले मिळून दोन संघ केले होते, आणि सामना 19-19 असा बरोबरीत सुटला. चारच वर्षांत हा खेळ टेक्सासच्या माळावर पोहोचला. एखादा संघ पंचेचाळीस गुणांनी पुढे गेला, तर मध्यंतराला किंवा त्यानंतर सामना तिथेच थांबवायचा, असाही एक नियम यात आहे. हरणाऱ्या पोरांचीही लाज राखायची, हा त्यातला विचार. शिक्षकालाच असे सुचायचे, नाही का?

बरे, श्रेणी ठरली. पण एका श्रेणीत दोनशे-दोनशे शाळा. त्या सगळ्या एकमेकींशी खेळणार कशा? म्हणून जवळजवळच्या पाच ते दहा शाळांचा एक 'जिल्हा' करतात. हा सरकारी जिल्हा नव्हे, फक्त स्पर्धेपुरता. मोसमात प्रथम जिल्ह्यातल्या शाळा आपापसांत खेळतात. जो वरचढ ठरेल त्याला बाद फेरीत प्रवेश. बाद फेरीत एकदा हरलात की वर्ष संपले.

पूर्वी प्रत्येक जिल्ह्यातून एकच संघ पुढे जाई, आणि बरोबरी सोडवायचे नियमही कडक असत. त्याचे एक उदाहरण ऐका. पश्चिम टेक्सासातल्या ॲबिलीन हायस्कूलचा संघ 1954, 1955 आणि 1956 अशी तीन वर्षे राज्यात अजिंक्य ठरला. ओळीने 49 सामने त्याने जिंकले. 1957 मध्ये उपांत्य सामन्यात डॅलसजवळच्या हायलँड पार्कशी गाठ पडली. निकाल 20-20, बरोबरी. तेव्हा ज्यादा वेळ खेळवण्याची पद्धत नव्हती. विरुद्ध बाजूच्या शेवटच्या वीस यार्डांत कोणी किती वेळा मुसंडी मारली, हे मोजायचे, आणि ज्याच्या मुसंड्या जास्त तो पुढे. मोजदाद हायलँड पार्कच्या बाजूने निघाली. ॲबिलीन सामना हरले नाही, पण स्पर्धेबाहेर गेले!

पुढे प्रत्येक जिल्ह्यातून दोन संघ घेऊ लागले, तरी पेच संपले नाहीत. 1988 मध्ये ओडेसाचे पर्मियन हायस्कूल आणि मिडलंड शहरातली दोन हायस्कुले अशा तीन शाळा समान ठरल्या, आणि जागा दोनच. मग काय, मध्यरात्र उलटल्यावर महामार्गावरच्या ट्रकवाल्यांच्या थांब्यावर तिघे प्रशिक्षक जमले आणि नाणी उडवून निकाल लावला. तो प्रसंग लोकांनी दूरचित्रवाणीवर जागून पाहिला. बिसिंजर नावाच्या पत्रकाराने 1990 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे ही हकीकत जगभर गेली. मिडलंड हायस्कूलच्या मुलांचे वर्ष एका नाण्यावर संपले.

आज काय रीत आहे? दर दोन वर्षांनी, पावसाळा-हिवाळ्याच्या सांध्यावर, शाळा आपला पट लीगला कळवतात आणि फेब्रुवारीत नव्या श्रेणी आणि नवे जिल्हे जाहीर होतात. सहा ए श्रेणीत साधारण बावीसशेच्या वर पट असलेल्या शाळा, आणि तळाच्या एक ए श्रेणीत एकशे चारपर्यंत पटाच्या, सहा गडी खेळवणाऱ्या. सहा ए श्रेणीत बत्तीस जिल्हे, प्रत्येकी चार संघ पुढे, म्हणजे 128. त्या चारांतल्या मोठ्या पटाच्या दोन शाळा पहिल्या विभागात आणि लहान पटाच्या दोन दुसऱ्या विभागात जातात. प्रत्येक विभागात 64 संघ. गणिताचे शिक्षक लगेच सांगतील, सहा फेऱ्यांत एक उरतो. सहा श्रेणी आणि प्रत्येकीचे दोन विभाग मिळून राज्यात बारा विजेते. काही जण कुरकुरतात की चार-चार संघ घेतल्यामुळे निम्मे सामने हरलेलेही बाद फेरीत येतात. तक्रार खोटी नाही. पण एका नाण्यावर वर्ष संपण्यापेक्षा हे बरे, असे म्हणणारेही आहेत.

आणि रेघ ओढली की रेघेवर कोणीतरी सापडणारच. शाळेचा पट एकशे चार असेल तर सहा गड्यांच्या बाद फेरीचा हक्क. एकशे पाच झाला की तो हक्क गेला. गावात एक बिऱ्हाड नवे आले आणि त्याची दोन मुले शाळेत दाखल झाली, तर मास्तरांना आनंद व्हावा की काळजी वाटावी?

पण श्रोतेहो, ही गाऱ्हाणी किरकोळ वाटावीत असा एक मोठा अन्याय या व्यवस्थेच्या मुळाशीच होता. पट मोजायचा खरा, पण कोणाचा? लीगच्या नियमात सभासदत्व गोऱ्यांच्या सार्वजनिक शाळांपुरते होते. काळ्या मुलांच्या शाळा कितीही मोठ्या असोत, त्या मोजणीतच नव्हत्या. त्यांच्या शिक्षकांनी 1920 पासून आपली निराळी संघटना उभी केली. प्रेअरी व्ह्यू या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजच्या आधाराने ती चालली, आणि तिचेच नाव तिला मिळाले. 1940 पासून तिची स्वतःची फुटबॉल अजिंक्यपदे सुरू झाली. शुक्रवारी मैदान गोऱ्या शाळांचे, म्हणून यांचे सामने बुधवारी-गुरुवारी रात्री. तरी ह्यूस्टनमध्ये येट्स आणि व्हीटली या दोन शाळांच्या सामन्याला तीस-तीस हजार माणसे लोटत. 'मीन' जो ग्रीन, बब्बा स्मिथ यांच्यासारखे पुढे देशभर गाजलेले खेळाडू याच मैदानांवर तयार झाले.

1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस लीगचे दरवाजे उघडले आणि 1970 मध्ये प्रेअरी व्ह्यूची संघटना विसर्जित झाली. न्याय झाला, पण त्याची किंमत कोणी दिली तेही पाहा. एकत्रीकरणात बहुतेक ठिकाणी काळ्यांच्याच शाळा बंद झाल्या. वीस-वीस वर्षे मुख्य प्रशिक्षक असलेली माणसे नव्या शाळेत दुय्यम जागेवर गेली. कितीएक शाळांच्या ढाली आणि करंडक अडगळीत गेले. त्या विजेत्यांची नावे लीगच्या दप्तरात मानाने नोंदली जायला पुढे कित्येक वर्षे लागली.

मला या इतिहासातून एवढेच सांगायचे आहे. सारख्याला सारखा प्रतिस्पर्धी मिळावा ही कल्पना फार चांगली. पटावरून श्रेणी पाडणे हा तिचा साधा, कोणालाही पडताळून पाहता येईल असा मार्ग. त्यामुळेच शंभर पटाच्या शाळेतला मुलगाही राज्याच्या अंतिम सामन्यात धावू शकतो. परंतु मोजणी सुरू करण्याआधी कोणाला मोजायचे हे ठरलेले असते, आणि पहिला न्याय-अन्याय तिथेच होऊन जातो.

आपल्याकडे शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. गट पाडतात ते वयाचे. शाळेच्या पटाचा विचार त्यात नसतो. तो असावा की नसावा, यावर शिक्षक मंडळींनी आपल्या केंद्रात एखादा वादविवाद जरूर ठेवावा. टेक्सासच्या लीगचा आरंभही वादविवादानेच झाला होता! आणि पुढच्या खेपेला तुमची साठ पटाची मुले तालुक्याहून हरून आली, तर त्यांना एप्लर मास्तरांची आणि त्यांच्या सहा गड्यांची गोष्ट सांगा. मग जमतील तेवढी मुले घेऊन मैदान आखायला घ्या.