रोहा ते लोदी गार्डन, व्हाया कॅलिफोर्निया

पेणहून रोह्याला जाताना मला चिंतामणराव देशमुख आठवतातच. रोह्यात शिकलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पण केंब्रिजला त्यांनी वनस्पतीशास्त्राचं बक्षीस मिळवलं होतं, हे ठाऊक होतं? दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते पहिले अध्यक्ष. १९६२ साली सुरू झालेली ती सुंदर इमारत जोसेफ स्टाइनची. आणि स्टाइनचा कॅलिफोर्नियातला जुना साथीदार म्हणजे लँडस्केप आर्किटेक्ट गॅरेट एक्बो (१९१०-२०००).

हार्वर्डमध्ये एक्बो, डॅन कायली आणि जेम्स रोझ या तिघांनी साचेबंद बागांविरुद्ध बंडच केलं. बाग नुसती बघायची नाही, तिच्यात राहायचं! सरकारी नोकरीत एक्बोने स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्या आखल्या. तिथेही झाडांच्या रांगांनी सावलीच्या 'खोल्या' केल्या. पुढे स्टाइनबरोबर सहकारी वसाहत आखली. सभासदांत काळी कुटुंबं होती, म्हणून सरकारी गृहकर्ज-हमी नाकारली गेली. योजना बारगळली.

१९६८ मध्ये याच जोडीने सेंटरशेजारच्या लोदी गार्डनची पुनर्रचना केली. आज तिथे सगळी दिल्ली फिरायला येते. मात्र ही बाग मुळात १९३६ साली खैरपूर गाव उठवून केलेली. एक्बोला हे कुणी सांगितलं असेल का?