खडकवासलाच का?

नायगाव-बिलोलीकडे बारावीच्या पोराला विचारलं की पुढं काय, तर एखादा हमखास म्हणतो, "एनडीए." म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. पण समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशीत नौदलाचे अधिकारी घडवायचं कुणाच्या डोक्यात आलं, हे सहसा कोणी विचारत नाही.

दुसऱ्या महायुद्धात एक धडा मिळाला होता: तिन्ही दलांनी एकत्र लढायचं, तर अधिकाऱ्यांनी आधी एका पंगतीत जेवायला शिकावं. 1945 मध्ये फील्ड मार्शल ऑकिनलेक यांची समिती नेमली गेली. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंटच्या धर्तीवर तिन्ही दलांची एकच प्रबोधिनी काढा, असं तिनं डिसेंबर 1946 मध्ये सुचवलं. कायमची जागा तयार होईपर्यंत, 1949 च्या जानेवारीत, डेहराडूनला प्रबोधिनीचं काम सुरू झालं.

जागा कशी हवी? पायदळाला डोंगर, वैमानिकाला धावपट्टी, नौसैनिकाला पाणी, आणि वर्षभर कवायत करता येईल अशी हवा. खडकवासल्याला समोर सिंहगड, पुण्याच्या दुसऱ्या अंगाला लोहगावचा विमानतळ, शेजारी जुनी लष्करी छावणी, आणि घाट उतरला की अरबी समुद्र. पण माझ्या मते पारडं झुकवणारी गोष्ट वेगळीच होती. युद्धकाळात खडकवासल्याच्या तलावाच्या उत्तर काठावर, पाण्यातून किनाऱ्यावर उतरून हल्ला कसा करायचा, हे जवानांना शिकवलं जात होतं. त्यासाठी उभं केलेलं 'एचएमएस अँगोस्टुरा' नावाचं नकली जहाज तिथं पडून होतं. म्हणजे समितीच्या कागदावरची कल्पना या तळ्यानं आधीच करून पाहिलेली होती. आजही छात्र पाण्यातलं शिक्षण इथंच, 'पीकॉक बे'वर घेतात.

मुंबई राज्यानं 8,022 एकर जमीन दिली. एकर-गुंठ्यांत जगणाऱ्या आपल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो आधी डोळे विस्फारतो. पैशाची एक बाजू सुदानकडून आली. तिथं लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ मिळालेल्या 1 लाख पौंडांतले 70 हजार फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आले. प्रबोधिनीची 'सुदान ब्लॉक' ही इमारत त्यातूनच उभी राहिली.

6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. नायगाव तेव्हा मुंबई राज्यात नव्हतं. हैदराबादवरच्या पोलिस कारवाईला वर्ष झालेलं होतं आणि आपण हैदराबाद राज्यात होतो. खडकवासला 'आपल्या' राज्यात आलं ते 1 नोव्हेंबर 1956 ला. त्यानंतरही तिथवर पोचायची पायवाट फार उशिरा झाली: 1977 साली औरंगाबादेत राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था निघाली, तेव्हा.

आता तालुक्यातल्या मुलींनीही हे वाचावं. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, आणि 2022 पासून खडकवासल्याला मुलीही दाखल होत आहेत.