आगरकर आणि उत्क्रांतीचा विचार

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) मूळचे कराडजवळच्या टेंभूचे. 'केसरी'चे ते पहिले संपादक. मतभेदांमुळे तो सोडून १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला.

इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर (१८२०–१९०३) यांनी उत्क्रांतीचा नियम समाजाच्या इतिहासालाही लावला. आगरकरांवर त्यांचा मोठा प्रभाव होता. देवाची कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली आणि वाढली, हे आगरकरांनी 'देवतोत्पत्ती' या निबंधात मांडले. जे घडत आले ते बदलताही येते, हा त्याचा अर्थ. 'सर्व संस्कार अनित्य आहेत' या बुद्धवचनाशी आम्हाला तो जवळचा वाटतो.

ताम्हिणीच्या डोंगरात देवराया आहेत. देवाच्या धाकाने तिथे कुऱ्हाड चालली नाही, म्हणून झाडे वाचली. पण देवाच्याच नावाने आपल्या माणसांना देवळाबाहेर ठेवले गेले. त्याविरुद्ध १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह करावा लागला. दोन्ही नियम माणसांनीच केलेले. कोणता जपायचा आणि कोणता मोडायचा, हेही माणसांनीच ठरवायचे.

स्पेन्सरच्या विचारात एक धोका होता. 'जो लायक तोच टिकेल' म्हणत विषमतेचे समर्थन झाले. जातीला वंशशुद्धीचा आधार देणारा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला.

म्हणून आगरकर वाचावेत, पण बाबासाहेबांसोबत. समाज बदलतो हे आगरकर सांगतात. तो आपोआप बदलत नाही, हे चळवळीने आम्हाला शिकवले.