पान्हा

दूध आणि पान्हा हे मराठीतले दोन निराळे शब्द आहेत. दूध असते, पान्हा फुटतो. वासरू कासेला ढुसण्या देऊ लागले की गाय पान्हावते, आणि मूल रडल्याचे कानी पडताच आईची चोळी भिजते. दूध तयार होणे ही एक क्रिया आणि ते खाली उतरणे ही दुसरी, हे ओळखण्यासाठी आपल्या भाषेला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नाही. सुश्रुतानेही अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या स्मरणानेसुद्धा स्तन्य वाहू लागते असे सांगितले आहे, आणि क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव ह्यांनी ते नाहीसे होते असेही.

उतरण्याचे रहस्य असे उमगले होते. दूध वाढते कशाने, हे मात्र शोधले गेले ते बहुधा स्वयंपाकघरात. चरकाने स्तन्यजनन म्हणून दहा वनस्पतींची मुळे सांगितली. त्यांत वाळा, साळी, दर्भ, कुश अशी गवताच्या जातीचीच नावे अधिक. महाराष्ट्रातल्या बाळंतिणीच्या वाट्याला शतावरीचा कल्प, अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू आणि बाळंतशोपा आल्या.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. १८१७ मध्ये तो अंमल संपला, तरी मराठी माणसे तिथे राहिलीच. ओमती नाल्याच्या ह्या शहरात एका घरात अळीव भिजत असावेत आणि शेजारच्या बुंदेली घरात औषधी काढ्याचा चरुआ उकळत असावा, हे चित्र अवघड नाही. एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास तिथे स्त्रियांसाठी लेडी एल्गिन रुग्णालयही उभे राहिले. पण घर मराठी असो वा बुंदेली, श्रद्धा एकच : दूध पोटातून येते, आईला खाऊ घाला म्हणजे बाळाला मिळेल.

ह्या श्रद्धेत खोटे थोडे आणि अपुरे फार होते. आईला पोटभर, पौष्टिक अन्न मिळाले पाहिजे, ह्यात वादच नाही. परंतु त्याच घरांतून पहिले दोन-तीन दिवस बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवले जाई आणि पिवळसर चीक पिळून टाकला जाई. जुन्या ग्रंथांचाही ह्या प्रथेला आधार होता. स्तन्य तिसऱ्या-चौथ्या रात्री सुरू होते असे मानून तोवर मध-तूप देण्यास ते सांगत. परिणामी ज्या दिवसांत बाळाने वारंवार स्तनाला लागायला हवे, नेमक्या त्याच दिवसांत त्याला दूर ठेवले जाई. मग ‘दूध कमी आहे’ असा निर्णय होई, आणि लाडवांची संख्या वाढे. श्रीमंतांघरी दाई येई. शंभूराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव इतिहासाने आदराने जपले आहे. गरिबाच्या मुलाला धाराऊ कुठून मिळणार?

गवळ्याला मात्र खरी गोष्ट ठाऊक होती. कासेत दूध राहू दिले की जनावर आटते, म्हणून तो शेवटची धार निघेपर्यंत पिळतो. वासरू दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करतो. विज्ञान ह्या शहाणपणापर्यंत पोहोचले ते विसाव्या शतकात. १९२८ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे सशांवरील प्रयोगांत पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने दूध उत्पन्न झाले. पुढे त्या द्रव्याला प्रोलॅक्टिन हे नाव मिळाले. बाळ चोखते, तेव्हा ते रक्तात वाढते, रात्री विशेषच. १९४८ मध्ये अमेरिकेतील न्यूटन दांपत्याने दाखवले, की आईचे पाय बर्फासारख्या पाण्यात ठेवले किंवा तिला गणिते घातली तर पान्हा अडतो. ऑक्सिटोसिनयुक्त अर्क टोचला की तो पुन्हा उतरतो. सुश्रुताला ह्याचे आश्चर्य वाटले नसते! नंतर स्कॉटलंडमधील संशोधकांनी शेळ्यांवर सिद्ध केले, की साचून राहिलेले दूधच नवे दूध होऊ देत नाही. रिकामे करा, म्हणजे भरते.

दूध काढण्याच्या यंत्राचा इतिहास ह्याहून जुना आहे. अमेरिकेत १८५४ मध्ये अशा पंपाला पेटंट मिळाले होते, आणि १९२० च्या दशकात बुद्धिबळपटू एडवर्ड लास्करने एक यांत्रिक पंप रचला. तथापि आपल्याकडे बहुसंख्य स्त्रियांचा पंप म्हणजे त्यांचा हातच.

मजुरी करणाऱ्या आईचा प्रश्न निराळा होता. घरी विड्या वळणारी मूल मांडीवर तरी घेऊ शकते. गिरणीत उभ्या असलेलीचा स्तन दिवसभर तटतटून राहतो, आणि दूध हळूहळू आटते. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये व मध्य प्रांतात १९३० मध्ये प्रसूतिलाभाचे कायदे झाले. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या दिल्या. ही सवलत दयेपोटी दिलेली वाटते खरी, पण शरीराचा हिशेबही तोच आहे.

सर्वांत कठीण कसोटी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची. त्यांना चोखण्याचे बळ नसते, आणि चोखणेच नाही तर दूध येणार कसे? मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी डब्याच्या दुधाऐवजी आईचे दूध आणि परकी म्हणून दूर ठेवलेली आई, दोघांनाही नवजातांच्या कक्षात आणले. १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. पुढे १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातीलाही बंदी झाली.

अशा पेढीचे काम दूध साठवण्यापुरते नसते. प्रसूतीनंतर काही तासांतच आईला हाताने दूध काढायला शिकवतात. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून आठ वेळा तरी, आणि रात्रीचा पाळा चुकवायचा नाही. पहिल्या दिवशी वाटीत चार थेंब पडतात. तेवढेच बाळाच्या तोंडात घालतात. उरलेली भूक दुसऱ्या आयांच्या दुधावर भागते, आणि आईची वाटी जसजशी भरू लागते, तसतसे पेढीचे दूध कमी करत नेतात. मग बाळ छातीशी धरण्याजोगे झाले की वाटी बाजूला ठेवतात.