हरिपूरची पेवे

कृष्णा-वारणेच्या संगमावर, सांगलीला लागून वसलेले हरिपूर भाविकांस ठाऊक असेल ते संगमेश्वरामुळे. परंतु हळदीच्या पेठेत या गावाचा लौकिक झाला तो जमिनीखालच्या पेवांमुळे. तेथील भुई अशी की दोन-तीन पुरुष खोल खणले तरी ओल लागू नये व भिंती ढासळू नयेत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, खाली रांजणासारखे फुगत गेलेले पोट, तळाशी व कडांना पाचटाचे अस्तर, आणि शिजवून, खडखडीत वाळवून भरलेल्या हळकुंडांवर माती लिंपून बंद केलेले झाकण, अशी ही वखार. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू सरला की किडीचाही निकाल लागे. मात्र तीच हवा हमालाच्याही जिवावर उठे. म्हणून पेव फोडल्यावर तोंड बराच वेळ उघडे टाकीत, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडीत, आणि तो विझला नाही तरच माणूस उतरे. माल वर्षानुवर्षे टिके, त्यामुळे पेव न उघडताच त्याचा सौदा होई. मालकी हातोहात बदले, हळकुंड जागचे हलत नसे.

या हळकुंडातील पिवळे द्रव्य फोगेल व पेल्तिए यांनी १८१५ साली वेगळे काढले. कर्क्युमिन या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या द्रव्याची रचना १९१० मध्ये उलगडली, आणि त्याच्या जंतुनाशक गुणाचा वृत्तांत ‘नेचर’ या नियतकालिकाने १९४९ साली छापला. त्याच्या रेणूतील फिनॉल गट ऑक्सिडीकरणाला आवर घालतात, हे पुढे सिद्ध झाले. पण खुद्द कर्क्युमिन उजेडात विटते. हळदीचा भाव पुष्कळसा रंगावर ठरे, म्हणून व्यापारी रंगाला जपत असे. आणि रंग म्हणजेच कर्क्युमिन असल्यामुळे पेवातील काळोखाने नकळत औषधही राखले. एवढ्यावरून पूर्वजांना सगळे रसायनशास्त्र अवगत होते असा डंका पिटणाऱ्यांची मला गंमत वाटते. पूर्वजांना नासाडी ओळखता येत होती, आणि ती विद्या थोडी नव्हे. (पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, हेही दूध-हळदीच्या भक्तांनी ध्यानी घ्यावे.)

हळदीने जखम भरते ही गोष्ट नवा शोध म्हणून १९९५ साली अमेरिकेत पेटंटास पात्र ठरली, तेव्हा गोमंतकात जन्मलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय निबंधापर्यंतचे दप्तर पुढे मांडले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्दबातल झाले. पेवांना मात्र कोणी वाली भेटला नाही. २००५ च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले, पुष्कळ पेवे कायमची निकामी झाली, आणि व्यापार शीतगृहांकडे वळला. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले ते त्यानंतर, २०१८ साली.