विचारण्याआधी जुने कागद

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या मुलांना घेऊन हेमलकशाला गेले होते. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प त्यांना दाखवायचा होता. माडिया लोकांना विचारायला मुलांनी प्रश्न लिहून आणले होते: तुमची भाषा कोणती? तुमचा राजा कोण होता? एक वृद्ध माडिया गृहस्थ हसून म्हणाले, "येणारा प्रत्येक जण हेच विचारतो."

मी वरमले. "तुम्ही घरी मराठी बोलता का?" हा सवाल मलाही लोक आयुष्यभर विचारत आलेत. दर वेळी पहिल्यापासून उत्तर देण्याचा थकवा मला ठाऊक आहे.

परतल्यावर मुलांसोबत जुने ग्रंथ उघडले. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले आहे. त्यात चांद्याच्या गोंड राजाची नोंद सापडते: एक हजार घोडदळ, चाळीस हजार पायदळ, शिवाय वैरागडची हिऱ्यांची खाण. ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये वारले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यांत लिंगोची कथा आहे. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत आदिलाबादकडे असताना गोंडी शिकले, गोंडांवर लिहिले आणि पुढे फारसी तवारीखाही मराठीत आणल्या.

म्हणजे आमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेली होती. त्यांतले एक तर फारसीत. उर्दू शिकवणाऱ्या मला ते आधी ठाऊक असायला हवे होते.

पण जुना कागद शेवटचा शब्द नसतो. या ग्रंथांत चांद्याचे राजे ठळक आहेत, भामरागडचे माडिया पुसट. आणि लिहिणारे सगळे बाहेरचे. हे कळल्यावरच खरा सवाल सुचतो.

यंदा पुन्हा जाणार आहोत. मुलांच्या वहीत आता दोनच प्रश्न आहेत: चांद्याच्या राजाचा हुकूम तुमच्या जंगलापर्यंत पोहोचत होता का? आणि लिंगोची कथा तुमच्याकडे कशी सांगतात? बाकीचे प्रश्न मुलांनी स्वतःच खोडले.

तहकीक म्हणजे तरी काय? समोरच्याचा वेळ मागण्याआधी आपला वेळ खर्च करणे. मला तर तो अदबच वाटतो.